मैदान गोव्याचं, करंडक पाहुण्यांचा

14 मार्च 2020, शनिवार. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) अंतिम सामना होता आणि गॅलरीत प्रेक्षक नव्हते. करोनाची धास्ती देशभर नुकती पसरू लागली होती. फाटकं बंद ठेवून सामना उरकून घ्यायचं ऐनवेळी ठरलं. कोलकात्याच्या एटीकेने चेन्नईयिनला 3-1 असं हरवलं. हावी हर्नांदेझने दोन गोल केले, एक एदू गार्सियाने. करंडक उंचावला गेला, तोही रिकाम्या खुर्च्यांसमोर.

गोवेकरांच्या मनाला त्या दिवशी दुहेरी चुटपुट होती. त्या मोसमात साखळीत पहिला आलेला संघ एफसी गोवा हाच होता. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात जागा मिळवणारा तो पहिला भारतीय क्लब. पण उपांत्य फेरीत चेन्नईला जाऊन 1-4 असा मार खाल्ला, आणि 7 मार्चला फातोर्ड्यावर 4-2 असं जिंकूनही एकूण हिशेबात 5-6 अशी हार पदरी आली. एका गोलाने घरचा अंतिम सामना हुकला. आठवड्याभराने त्याच हिरवळीवर दोन परके संघ खेळले आणि ते पाहायलाही कुणाला आत सोडलं नाही.

पुढची तीन वर्षं लीगचे अंतिम सामने फातोर्ड्यावरच झाले. त्रयस्थ मैदान म्हणून. 2020 ते 2023 या काळात भारतीय फुटबॉलने न्याय्य मैदान कशाला म्हणावं याचा एक मोठा प्रयोगच करून पाहिला. तो ठरवून केला नव्हता, परिस्थितीने करायला लावला. त्याची हकिगत सांगण्यासारखी आहे, कारण त्यात खेळाडूंवर फारसा अन्याय झालेला दिसत नाही. झाला तो तिकीट काढणाऱ्यांवर.

त्रयस्थ मैदानाची कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुंबईत 1891 साली सुरू झालेला रोव्हर्स करंडक कुपरेजवर खेळला जायचा आणि तिथे कोलकाता, हैदराबाद, बंगळूर इथले संघ एकमेकांशी भिडायचे. 1940 साली मोहमेडन स्पोर्टिंगने तो जिंकला. हैदराबाद सिटी पोलिसांनी तर 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं तो मुंबईच्या बाहेर नेला. मुंबईकर प्रेक्षकाला दोन्ही संघ सारखेच परके, म्हणून तो चांगल्या खेळाला टाळी द्यायचा. कोल्हापुरात याच्या नेमकं उलट आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण, प्रॅक्टिस हे सगळे पेठा-तालमींचे संघ एकाच शाहू स्टेडियमवर खेळतात. मैदान कुणा एकाचं नाही, सगळ्यांचं आहे. दोन्ही बाजूंची माणसं चालत येतात आणि भांडायचं तर समोरासमोर भांडतात. माझ्या मते याहून त्रयस्थ मैदान महाराष्ट्रात दुसरं नाही, आणि तिथे शांतता कधीच नसते.

आयएसएलने अंतिम सामन्यांची सुरुवात 2014 साली केली ती नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. 20 डिसेंबरच्या त्या पहिल्या अंतिम सामन्यात केरळा ब्लास्टर्सला कोलकात्याच्या संघाने भरपाई वेळेतल्या मोहम्मद रफीकच्या एकमेव गोलने हरवलं. दोघांनाही मैदान परकं. पुढच्या वर्षी फातोर्डा ठरलं आणि नेमका एफसी गोवाच अंतिम फेरीत आला. त्रयस्थ म्हणायला आता काही उरलं नाही. संध्याकाळभर गॅलरीत गोव्याचाच आवाज.

20 डिसेंबर 2015 ची ती रात्र फातोर्ड्याला आजही सलते. 87 व्या मिनिटाला जोफ्रेच्या फ्रीकिकने गोवा 2-1 असा पुढे गेला. आता उरली होती तीन मिनिटं आणि पंच देतील तेवढी भर. 90 व्या मिनिटाला गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीच्या नावावर स्वयंगोल लागला. दोनच मिनिटांनी स्टिव्हन मेंडोझाने चेन्नईयिनचा तिसरा गोल केला. कट्टीमणी गोव्याचाच पोरगा, आपल्या माणसांसमोर खेळत होता. सामना संपल्यावर मैदानात जी धक्काबुक्की झाली ती पोलिस ठाण्यापर्यंत गेली. घरचं मैदान म्हणजे वाण मिळाल्यासारखं, असं ज्यांना वाटत होतं त्यांना उत्तर मिळालं.

एकदाच मिळालं असं नाही. 2016 साली अंतिम सामना कोचीत झाला, पन्नास हजारांहून जास्त पिवळ्या गर्दीसमोर, आणि केरळा ब्लास्टर्स पेनल्टीवर 3-4 हरले. मार्च 2018 मध्ये बंगळूरच्या कंठीरवा मैदानावर सुनील छेत्रीने नवव्याच मिनिटाला गोल केला, तरी बंगळूरला चेन्नईयिनकडून 2-3 हार पत्करावी लागली. तीन यजमान, तिन्ही पराभूत. 2019 साली मुंबईत अंधेरीच्या मैदानावर गोवा आणि बंगळूर भिडले. तिथे खरंच कुणाचं घर नव्हतं, आणि जादा वेळेत राहुल भेकेच्या हेडरने बंगळूर जिंकलं. म्हणजे घरच्या गर्दीचा फायदा मिळतो म्हणून अंतिम सामना त्रयस्थ ठिकाणी न्यायचा, ही भीती आयएसएलच्या आकड्यांत तरी दिसत नाही. पाच-सहा सामन्यांवरून सिद्धांत मांडू नये हे खरं. रोजच्या लीगमध्ये गर्दीचं वजन असतंच. जर्मनीत मे 2020 मध्ये बुंडेसलीगा प्रेक्षकांविना पुन्हा सुरू झाली तेव्हा पहिल्या फेरीच्या नऊ सामन्यांत यजमान संघ एकदाच जिंकला, तोही डॉर्टमुंडसारखा बलाढ्य. पण अंतिम सामन्याच्या रात्री घरची गर्दी जितकी पाठीशी असते तितकीच मानगुटीवरही बसते.

करोनाने मग सगळंच गोव्यात आणून ठेवलं. 2020-21 चा पूर्ण मोसम, अकरा संघांचे 115 सामने, तीन मैदानांवर झाला: फातोर्डा, बांबोळीचं जीएमसी अ‍ॅथलेटिक स्टेडियम आणि वास्कोचं टिळक मैदान. संघ आपापल्या हॉटेलात बंद, प्रेक्षक शून्य. वेळापत्रकात मात्र यजमान आणि पाहुणा अशी नोंद नियमाप्रमाणे होत होती. आमच्या नवापूरच्या स्टेशनातून महाराष्ट्र-गुजरातची सीमा जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत, आणि एका बाकाचा अर्धा भाग इकडे तर अर्धा तिकडे. 1 मे 1960 ला आखलेली ती रेषा खरीच आहे, पण बाकावर बसून गाडीची वाट पाहणाऱ्याला तिने काही फरक पडत नाही. बांबोळीत खेळणाऱ्या केरळाला ‘यजमान’ म्हणणं हे त्यातलंच.

27 नोव्हेंबर 2020 ला वास्कोत टिळक मैदानावर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांची लढत झाली, आयएसएलमधली त्यांची पहिली. (एटीके आणि मोहन बागान तोवर एक झाले होते, त्यामुळे नाव एटीके मोहन बागान.) ज्या लढतीला 1997 साली सॉल्ट लेकवर सव्वा लाखाहून जास्त माणसं जमली होती, ती वास्कोच्या एका लहान मैदानावर रिकाम्या पायऱ्यांपुढे झाली. रॉय कृष्णा आणि मनवीर सिंगच्या गोलांनी मोहन बागान 2-0 असं जिंकलं. कोलकात्यात लोकांनी ती टीव्हीवर पाहिली, आम्ही नवापुरात पाहिली तशीच. आम्हा नवापूरकरांना तसंही या लीगचं एकही मैदान घरचं नाही. जवळचं म्हणायचं ते अंधेरीचं, तेही सुरतेला वळसा घालून. त्या आणि पुढच्या मोसमात सगळा देश आमच्या रांगेत येऊन बसला होता.

13 मार्च 2021 ला अंतिम सामन्यात मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान आमनेसामने आले. मुंबईचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा वर्षभरापूर्वी गोव्याचे प्रशिक्षक होते, आणि अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बुमू, मंदार राव देसाई हे गोव्याचे जुने खेळाडूही मुंबईच्या जर्सीत होते. उपांत्य फेरीत याच मुंबईने गोव्याला पेनल्टीवर 6-5 असं बाहेर काढलं होतं. पूर्वार्ध संपायच्या बेतात असताना मुंबईचा अमेय रानवडे टक्कर होऊन डोक्याला मार लागून कोसळला आणि त्याला रुग्णवाहिकेतून न्यावं लागलं. पोरगा सावरला, पुढे खेळला, हे नंतरचं. मैदानाच्या कडेला मात्र घरचं कुणी नव्हतं, मुंबईहून आलेला एकही पाठीराखा नव्हता. 90 व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला आणि मुंबई सिटीने पहिल्यांदा आयएसएलचा करंडक जिंकला. अंधेरीचं मैदान त्या मोसमात बंदच होतं. मुंबईने लीगही जिंकली आणि करंडकही, पण मुंबईत एकही सामना न खेळता.

एप्रिलमध्ये गोव्याच्या वाट्याला आणखी विचित्र प्रसंग आला. एफसी गोव्याच्या आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटाचे सगळे सामने फातोर्ड्यावरच ठेवले. कतारचा अल रय्यान, अबुधाबीचा अल वहदा आणि इराणचा पर्सेपोलिस. मैदान घरचं, हवामान घरचं, एप्रिलमधला दमट उकाडाही घरचा. अल रय्यान आणि अल वहदा यांच्याशी 0-0 अशी बरोबरी झाली, पर्सेपोलिसविरुद्ध एदू बेदियाने गोल करून आघाडीही मिळवून दिली, शेवटी 1-2 हार झाली. भारतीय क्लबच्या इतिहासातला एवढा मोठा प्रसंग स्टेडियमच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या माणसालाही टीव्हीवरच पाहावा लागला.

दाराची कुलपं निघाली ती 20 मार्च 2022 ला. त्या मोसमातलेही साखळी आणि उपांत्य सामने बंद दाराआड झाले होते. अंतिम सामन्याला मात्र पूर्ण क्षमतेने प्रेक्षक घ्यायचं ठरलं. केरळा ब्लास्टर्स विरुद्ध हैदराबाद. दोघांनाही फातोर्डा सारखंच परकं, असं नकाशा सांगत होता. कोकण रेल्वे वेगळं सांगत होती. एर्नाकुळमहून रात्रीच्या गाडीत बसलं की मडगाव. कोळिकोड, कण्णूर, कासरगोडहून तर मोटरसायकलवरही येता येतं. हैदराबादहून यायचं तर दख्खन पार करून घाट उतरावा लागतो. केरळातून माणसांचा लोंढा आला. त्यातले दोघे तरुण मोटरसायकलवरून येताना कासरगोड जिल्ह्यात अपघातात गेले.

कागदावर यजमान होता हैदराबाद, कारण साखळीत तो वर होता. म्हणून त्याला स्वतःची पिवळी जर्सी घालायचा हक्क मिळाला, आणि पिवळ्या रंगासाठी ओळखला जाणारा केरळा काळ्या-निळ्या जर्सीत उतरला. प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी पाठीराख्यांना सांगितलं होतं की तुम्ही पिवळ्यातच या. ते आलेही. म्हणजे गॅलरी पिवळी, आणि मैदानात पिवळ्या जर्सीतले अकराजण त्या गॅलरीचे शत्रू.

68 व्या मिनिटाला राहुल के. पी. ने गोल केला आणि गॅलरी उसळली. केरळा आघाडी टिकवून धरत होता. मग 88 व्या मिनिटाला हैदराबादच्या साहिल ताव्होराने पेटीच्या बाहेरून मारलेला चेंडू जाळ्यात गेला. ताव्होरा गोव्याचा. जादा वेळेत काही झालं नाही, पेनल्टी शूटआऊट आलं, आणि हैदराबादच्या गोलमध्ये उभा होता लक्ष्मीकांत कट्टीमणी. सव्वासहा वर्षांपूर्वी याच मैदानावर 90 व्या मिनिटाला ज्याच्या नावावर स्वयंगोल लागला तोच. लेस्कोविच, निशू कुमार, जीक्सन सिंग अशा तिघांच्या पेनल्टी त्याने अडवल्या. हालीचरण नार्झारीने शेवटची मारली आणि हैदराबाद 3-1 असं जिंकलं. पन्नासच्या दशकात कुपरेजवर सलग पाच करंडक नेणाऱ्या शहराचा हा नवा क्लब. परक्या मैदानावर जिंकायची हैदराबादला जुनी सवय म्हणायची. गोव्याचा संघ त्या रात्री कुठेच नव्हता. तरी बरोबरीचा गोल गोवेकराने केला आणि करंडक गोवेकराने वाचवला.

केरळाची ही अंतिम फेरीतली तिसरी हार. 2014 ला परक्या मैदानावर, 2016 ला घरी, 2022 ला परक्या मैदानावर घरच्या गर्दीत. मैदानाचे जेवढे प्रकार असू शकतात तेवढे केरळाने हरून पाहिले आहेत.

2023 चा अंतिम सामना पुन्हा फातोर्ड्यावर झाला. एटीके मोहन बागानने बंगळूरला 2-2 अशा बरोबरीनंतर पेनल्टीवर 4-3 हरवलं आणि त्याच रात्री मालकांनी क्लबच्या नावातून ‘एटीके’ काढत असल्याचं जाहीर केलं. मोहन बागानचे पाठीराखे ज्यासाठी तीन वर्षं कोलकात्यात निदर्शनं करत होते, ती बातमी त्यांना दूर मडगावहून मिळाली.

त्याच महिन्यात आणखी एक प्रकार घडला. संतोष करंडक या राज्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे उपांत्य आणि अंतिम सामने सौदी अरेबियात, रियाधच्या किंग फहद स्टेडियमवर नेले. 4 मार्च 2023 ला कर्नाटकाने मेघालयाला 3-2 असं हरवलं, आणि 1968-69 नंतर, तेव्हाच्या म्हैसूर संघानंतर, पहिल्यांदा करंडक जिंकला. चोपन्न वर्षांनी आलेला दिवस. शिलाँगचा किंवा बंगळूरचा साधा फुटबॉलवेडा माणूस तो पाहायला रियाधला कसा जाणार? आदल्या वर्षी हीच स्पर्धा मलप्पुरम जिल्ह्यात झाली तेव्हा मंजेरीचं पय्यनाड स्टेडियम ओसंडून वाहत होतं आणि केरळाने बंगालला पेनल्टीवर हरवलं होतं. बंगालला ते जड गेलं असेल, पण स्पर्धा जिवंत होती. रियाधला नेणं हा मला निखळ बडेजाव वाटतो.

जगात याहून मोठे घोळ झाले आहेत. 2018 साली कोपा लिबर्तादोरेसच्या अंतिम फेरीत ब्वेनोस आयरेसचे रिव्हर प्लेट आणि बोका ज्युनियर्स भिडले. पहिला सामना बोकाच्या मैदानावर 2-2 झाला. परतीच्या सामन्याआधी बोकाच्या बसवर हल्ला झाला आणि शेवटी 9 डिसेंबरला तो सामना अटलांटिकपलीकडे माद्रिदमध्ये खेळवला. एकाच शहरातले दोन क्लब, आणि त्यांच्या अंतिम सामन्यासाठी विमानाचं तिकीट. युरोपात करंडकाच्या अंतिम सामन्याचं मैदान बरंच आधी ठरवतात, त्यामुळे कधी कधी यजमानच अंतिम फेरीत येतो: 1984 ला रोममध्ये रोमा, 2012 ला म्युनिकमध्ये बायर्न. दोघेही पेनल्टीवर हरले. तिथेही घरच्या गर्दीने काही वाचवलं नाही.

आयएसएलचा अंतिम सामना 2024 साली फातोर्ड्यावरून हलला. साखळीत पहिल्या आलेल्या मोहन बागानच्या घरी, सॉल्ट लेकवर, साठ हजारांहून जास्त लोकांसमोर तो झाला आणि मुंबई सिटीने मोहन बागानला 3-1 असं हरवलं. आघाडीचा गोल बिपिन सिंगचा. 2021 ला रिकाम्या मैदानात ज्याने मुंबईला जिंकून दिलं, त्यानेच भरल्या मैदानाला गप्प केलं. यजमान अंतिम सामना जिंकू शकतो हे सिद्ध व्हायला 12 एप्रिल 2025 उजाडला. मोहन बागानने जादा वेळेत बंगळूरला 2-1 असं नमवलं. मला ही पद्धत जास्त रास्त वाटते. वर्षभर खेळून जो वर आला त्याच्या घरी सामना व्हावा. त्याच्या पाठीराख्यांना तिकिटासाठी रांग लावता येते, रेल्वेची रांग लावावी लागत नाही. पाहुण्यांसाठी मात्र गॅलरीचा एक भाग, मूठभर खुर्च्या नव्हे, राखून ठेवला पाहिजे आणि तो कुठे ते सामन्याच्या चार दिवस आधी नाही तर मोसमाच्या सुरुवातीलाच सांगितलं पाहिजे. भारतात याकडे फारसं कुणी बघत नाही.

गोव्याचं म्हणाल तर फातोर्ड्याने आयएसएलचे पाच अंतिम सामने पाहिले आणि त्यातल्या एकातच गोव्याचा संघ होता. त्या संघाने मिळवलेले पहिले चार मोठे करंडक कुठे मिळाले ते पाहावं. 2019 चा सुपर कप भुवनेश्वरला, अंतिम सामन्यात चेन्नईयिनला हरवून. फेब्रुवारी 2020 मध्ये साखळीतलं पहिलं स्थान पक्कं झालं ते जमशेदपूरला 5-0 असं जिंकल्यावर. ऑक्टोबर 2021 मध्ये ड्युरँड करंडक कोलकात्यात, मोहमेडन स्पोर्टिंगला त्यांच्याच शहरात जादा वेळेत 1-0 असं हरवून. गोल एदू बेदियाचा. आणि 3 मे 2025 ला पुन्हा सुपर कप, पुन्हा भुवनेश्वर, जमशेदपूरवर 3-0.